‘अपरिपक्व’ या विशेषणाची चिकित्सा : अर्भकाच्या रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनाचा परामर्श

१

प्रत्येक शास्त्राच्या परिभाषेत काही शब्द निरीक्षणातून आलेले असतात, तर काही निरीक्षणाच्या आधीच ठाण मांडून बसलेले असतात. पहिल्या प्रकारचे शब्द पुरावा बदलला की बदलतात. दुसऱ्या प्रकारचे शब्द पुराव्यालाच आपल्या साच्यात बसवून घेतात. अर्भकाच्या रोगप्रतिकारशक्तीचे वर्णन करताना ‘अपरिपक्व’ हे जे विशेषण पाठ्यपुस्तकांपासून संशोधननिबंधांपर्यंत सर्वत्र आढळते, ते आमच्या मते या दुसऱ्या वर्गात मोडते. एच्.आय्.व्ही. व इतर विषाणू यांना लहान मुलांचे शरीर कसे तोंड देते, याविषयी गेल्या सुमारे चाळीस वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. त्या सर्वाचा गोषवारा देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. त्या संशोधनातील एक गृहीत कितपत टिकते, आणि ते धरून चालल्यामुळे प्रत्यक्ष मुलांच्या वाट्याला काय आले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘अपरिपक्व’ म्हणताच आपल्या मनात कच्च्या फळाची कल्पना येते. फळाला एकच वाट असते व त्या वाटेचा शेवटही एकच असतो. पिकेपर्यंत ते केवळ ‘अजून न झालेले’ असे काही तरी असते. ही कल्पना अर्भकाला लावली, की प्रौढाजवळ जे आहे व अर्भकाजवळ जे नाही त्याची यादी करणे, हेच संशोधन होऊन बसते. अर्भकाला स्वतःची अशी काही कर्तव्ये असतात, हे मात्र त्या यादीत कोठेच येत नाही. गर्भावस्थेत त्याला आईच्या पेशींशी वैर न धरता राहावयाचे असते. जन्मानंतर काही दिवसांतच दुधाशी आणि आतड्यात येऊन वसणाऱ्या असंख्य जीवाणूंशी जुळवून घ्यावयाचे असते. गर्भाच्या लसिका ग्रंथींत आईच्या पेशी येऊन पोहोचतात व त्यांच्या सान्निध्यात गर्भ आपल्या नियामक टी-पेशी घडवितो, असे २००८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले. म्हणजे ज्याला आपण दुबळेपणा समजत होतो तो, निदान अंशतः, संयम होता. आणि संयम ही उणीव नसून कृती आहे.

मराठीत ‘बाळसे’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. तीच स्थूलता प्रौढाच्या अंगी दिसली तर वैद्य काळजीत पडेल. मुलाच्या अंगी ते आरोग्याचे लक्षण. बाळसे म्हणजे प्रौढ शरीराची कच्ची आवृत्ती असे कोणी म्हणत नाही. प्रतिकारशक्तीच्या बाबतीत मात्र शास्त्राला असा शब्द अद्याप सापडलेला नाही, आणि शब्दाच्या या अभावाचे परिणाम केवळ भाषिक राहिले नाहीत.

२

या गृहीताची वंशावळ थोडी पाहणे अवश्य आहे. १९५३ साली बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावर या तिघांनी उंदरांवरील आपले सुप्रसिद्ध प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रकाशित केले. गर्भावस्थेतील उंदरांना दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी ते उंदीर त्या जातीच्या त्वचेचे कलम नाकारीत नाहीत, असे त्यांना आढळले. मॅकफार्लेन बर्नेट यांनी जी उपपत्ती अगोदर मांडली होती तिला येथे आधार मिळाला, आणि १९६० सालचे नोबेल पारितोषिक बर्नेट व मेडावर यांस विभागून देण्यात आले. प्रयोग निर्दोष होता. त्याची थोरवी आजही तिळमात्र कमी झालेली नाही. परंतु एका विशिष्ट परिस्थितीतील या निष्कर्षाचे पुढे सर्वसामान्य सूत्र झाले : जन्माच्या सुमारास शरीरात जे शिरेल ते शरीर आपलेच मानते, आणि म्हणून नवजात जीव लढू शकत नाही.

या सूत्राला मोठा धक्का बसावयास १९९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘सायन्स’च्या एकाच अंकात तीन स्वतंत्र गटांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका गटाने नवजात उंदरांना एक विषाणू दोन निरनिराळ्या प्रमाणांत टोचला. प्रमाण मोठे असता उंदीर त्याला प्रतिकार करू शकले नाहीत. प्रमाण अल्प असता मात्र त्याच वयाच्या उंदरांनी विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी-पेशी तयार केल्या व ते बचावले. पोली मॅट्झिंगर यांच्या गटाने योग्य प्रकारच्या पेशींमार्फत परके द्रव्य समोर आणले असता नवजात उंदीरही प्रतिकारक्षम होतात, असे दाखविले. नवजात प्राण्याच्या शरीरात टी-पेशी थोड्या असतात. त्या मूठभर पेशींपुढे प्रौढाला शोभेल एवढा मारा उभा करावयाचा, आणि त्या हरल्या की वयाला दोष द्यावयाचा, ही रीत या तीन निबंधांनी उघडी पाडली. ज्याला वयाचा गुणधर्म समजले जात होते, तो बऱ्याच अंशी मात्रेचा व मार्गाचा गुणधर्म होता.

३

आता उंदरांकडून मुलांकडे वळू. अर्भकाची प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी असती, तर प्रत्येक विषाणूच्या बाबतीत लहान मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक आजारी पडावयास हवे होते. वस्तुस्थिती तशी नाही. हेपॅटायटिस-ए ही कावीळ लहानपणी झाली तर बहुधा कळतही नाही. प्रौढपणी ती माणसाला अंथरुणास खिळवते. कांजिण्या मुलांत सौम्य, मोठ्यांत तीव्र. एप्स्टाइन-बार विषाणू बालपणी निमूटपणे येऊन राहतो, परंतु तोच तारुण्याच्या उंबरठ्यावर भेटला तर आठवडेच्या आठवडे ताप व गाठी यांनी पिडतो. कोविड-१९ च्या साथीतही निरोगी मुलांना गंभीर आजार क्वचितच झाला; २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या नाकातील पेशी विषाणू येण्यापूर्वीच इंटरफेरॉनच्या प्रतिसादासाठी सज्ज असल्याचे आढळले.

दुसऱ्या बाजूला हेपॅटायटिस-बी हा विषाणू आहे. प्रसूतीच्या वेळी आईकडून हा संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सुमारे ९० टक्के अर्भकांत तो कायम ठाण देऊन राहतो. प्रौढपणी संसर्ग झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ‘अपरिपक्व’ या विशेषणाच्या समर्थकांना याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही. परंतु याच अर्भकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत याच विषाणूविरुद्धची लस टोचली, व तिचे पुढील डोस दिले, तर ते संरक्षक प्रतिपिंड तयार करते आणि बहुतेक वेळी संसर्गातून वाचते. तेच मूल, तेच वय, तोच विषाणू. एका वाटेने आला तर हार, दुसऱ्या वाटेने त्याची ओळख करून दिली तर जीत. जे विशेषण या दोहोंतील भेद सांगू शकत नाही, ते स्पष्टीकरण म्हणून कितीसे उपयोगी?

४

या गृहीताशी संलग्न असा दुसरा दोष मोजमापाचा आहे. अर्भकात ‘उणे’ काय आहे हे ठरल्यावर ते भरून काढणे हे ध्येय ठरते, आणि रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा ही त्याची सोपी फूटपट्टी होते. मूल जगले की दगावले, हा प्रश्न त्या आकड्याच्या आड जातो. याची दोन उदाहरणे प्रत्येक विद्यार्थ्याने मुखोद्गत करावीत अशी आहेत.

पहिले श्वासनलिकांच्या सिन्सिशियल विषाणूचे, म्हणजे आर्.एस्.व्ही.चे. १९६६ साली अमेरिकेत या विषाणूची फॉर्मॅलिनने निर्जीव केलेली लस लहान मुलांना टोचण्यात आली. प्रतिपिंड तयार झाले. परंतु पुढे खरा संसर्ग होताच लस घेतलेल्या अर्भकांच्या एका गटातील बाधितांपैकी ८० टक्क्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तुलनेसाठी निवडलेल्या मुलांत हे प्रमाण पाच टक्के होते. दोन मुले दगावली. ते प्रतिपिंड विषाणूला चिकटत, पण त्याला निकामी करू शकत नव्हते, हे कळावयास पुढे अनेक दशके लागली. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे पेशीत शिरण्यापूर्वीचे रूप २०१३ साली उलगडल्यानंतरच या संशोधनाला योग्य दिशा मिळाली.

दुसरे उदाहरण गोवराचे. आईकडून वारेतून आलेले प्रतिपिंड पहिले काही महिने मुलाचे रक्षण करतात आणि त्याच वेळी लसीलाही निष्प्रभ करतात; म्हणून आपल्याकडे गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. मधल्या काळात मूल उघडे पडते, ही अडचण खरीच होती. तिच्यावर तोडगा म्हणून सहाव्या महिन्यात अधिक तीव्र मात्रेची लस देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली केली, कारण त्या लसीने प्रतिपिंड चांगले निर्माण होत होते. परंतु गिनी-बिसाऊ, सेनेगल व हैती येथील अभ्यासांत ही लस घेतलेल्या मुलींचे मृत्युमान पुढे वाढलेले आढळले आणि १९९२ साली शिफारस मागे घ्यावी लागली. या वाढीच्या कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु एका गोष्टीविषयी मतभेद असण्याचे कारण नाही : मुलींची व मुलांची स्वतंत्र गणना झाली नसती आणि मृत्यू मोजले गेले नसते, तर ती लस प्रतिपिंडांच्या आकड्यावर यशस्वी ठरली असती.

५

एच्.आय्.व्ही.च्या बाबतीत हे दोन्ही दोष एकत्र आले. अर्भकातील या संसर्गाचे स्वरूप प्रौढांहून अगदी निराळे असते. प्रौढाच्या रक्तात विषाणूंची संख्या प्रारंभी वर जाते व काही आठवड्यांतच बऱ्याच खाली येऊन स्थिरावते. अर्भकात असे होत नाही. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक महिन्याच्या वयाला विषाणूंचे मध्यक प्रमाण मिलिलिटरमागे ३,१८,००० होते आणि ते ३४,००० वर यावयास मूल दोन वर्षांचे व्हावे लागले. उपचारांवाचून राहिलेल्या मुलांचे काय होते, तेही ठाऊक आहे : आफ्रिकेतील अनेक अभ्यासांच्या २००४ सालच्या एकत्रित विश्लेषणानुसार बाधित मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले दोन वर्षांच्या आत दगावली होती.

याचे स्पष्टीकरण ‘प्रतिकारशक्ती अपरिपक्व’ या दोन शब्दांत देऊन पुष्कळ लेखक पुढे जातात. येथे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. मुलाला मिळणारा विषाणू हा कोणी अनोळखी शत्रू नसतो. तो आईच्या शरीरात वर्षानुवर्षे राहून तिच्या टी-पेशींना चुकविण्यास शिकलेला असतो. या पेशी ज्या एच्.एल्.ए. रेणूंच्या साहाय्याने विषाणू ओळखतात, त्यांपैकी निम्मे मुलाला आईकडूनच मिळतात. त्यामुळे मुलाच्या निम्म्या शस्त्रागाराची माहिती विषाणूला पूर्वीच असते. आईच्या शरीरात झालेले असे पलायनक्षम बदल विषाणूसोबत मुलापर्यंत पोहोचतात, हे २००१ साली ‘नेचर’मध्ये सप्रमाण मांडले गेले. अशा परिस्थितीत एखादा पूर्ण वाढ झालेला सैनिकही हरेल. दोष वयाचा किती व वारशाचा किती, हे वेगळे काढून दाखविल्याशिवाय ‘अपरिपक्वता’ हा निष्कर्ष नसून केवळ पूर्वग्रह राहतो.

मोजमापाचा दोष याहून महागात पडला. प्रौढांत सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेली म्हणजे प्रतिकारशक्ती खालावली असे मानीत. अर्भकात या पेशी स्वभावतःच कितीतरी अधिक असतात. म्हणून अमेरिकेतील १९९४ सालच्या वर्गीकरणात एक वर्षाखालील मुलांसाठी हीच मर्यादा ७५० धरावी लागली. संख्येऐवजी टक्केवारी वापरण्याची सुधारणाही झाली. परंतु मूळ विचार प्रौढाचाच राहिला : पेशी कमी होऊ द्याव्यात, लक्षणे दिसू द्यावीत, मग औषधे सुरू करावीत. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चेर’ या चाचणीने या विचाराची परीक्षा घेतली. सहा ते बारा आठवडे वयाची, सीडी-४ पेशींचे प्रमाण २५ टक्के किंवा अधिक असलेली बाधित अर्भके तिच्यात घेतली होती. ज्यांना औषधे लगेच सुरू केली त्यांपैकी चार टक्के दगावली. ज्यांच्या बाबतीत त्या वेळच्या प्रचलित नियमानुसार वाट पाहिली त्यांपैकी १६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली व एक वर्षाखालील प्रत्येक बाधित मुलास तत्काळ उपचार द्यावेत असे सांगितले. आजचा वाचक या निष्कर्षाला ‘उघडच आहे’ असे म्हणेल. परंतु २००८ पूर्वी ते उघड नव्हते, आणि ते उघड नसण्याचे कारण पुराव्याचा अभाव एवढेच नव्हे, तर प्रौढाचे माप अर्भकाला लावण्याची सवय हेही होते.

६

तिसरा दोष असा, की या संशोधनाने पुष्कळदा आई व मूल यांना दोन स्वतंत्र प्रकरणे मानले. अर्भकाची प्रतिकारशक्ती काही महिने तरी दोन शरीरांत वाटलेली असते. तिचा एक भाग वारेतून येतो, दुसरा दुधातून. आईचे प्रतिपिंड मुलाच्या रक्तात असल्यामुळे अठरा महिन्यांपर्यंत एच्.आय्.व्ही.ची नेहमीची प्रतिपिंड-चाचणी मुलाविषयी निश्चित काही सांगू शकत नाही. विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधावे लागते. चाचणीचे हे अपयश म्हणजे वस्तुतः या वाटणीचा पुरावा होय.

स्तनपानाच्या प्रश्नावर तर ही फारकत जिवावर बेतली. बाधित आईच्या दुधातून विषाणू जातो हे खरे. नैरोबी येथील व २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांच्या अखेरीस स्तनपान करणाऱ्या गटातील ३६.७ टक्के मुले बाधित होती, तर डब्याचे दूध दिलेल्या गटातील २०.५ टक्के. या आकड्यांवरून डब्याच्या दुधाचा पुरस्कार करणे स्वाभाविक होते. आणि त्या चाचणीत, जेथे स्वच्छ पाणी उपलब्ध होते तेथे, संसर्गाविना जगलेल्या मुलांचे प्रमाण डब्याच्या दुधाच्या गटातच अधिक होते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु हाच निष्कर्ष बोट्स्वानात नेला तेव्हा चित्र पालटले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत सात महिन्यांच्या अखेरीस डब्याच्या दुधावरील ९.३ टक्के मुले दगावली होती, तर औषधासह अंगावर पिणाऱ्यांपैकी ४.९ टक्के. विषाणूपासून वाचलेले मूल अतिसाराने व न्यूमोनियाने जात होते. आगीतून उठून फुफाट्यात पडावे तशातली ही गत. १८ महिन्यांच्या अखेरीस संसर्ग व मृत्यू यांची एकत्र बेरीज केली असता दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

दरम्यान दरबानमधील संशोधकांनी १९९९ साली एक अधिक सूक्ष्म गोष्ट निदर्शनास आणली होती. केवळ अंगावरचे दूध पिणाऱ्या मुलांना, त्यासोबत वरचे दूध वा अन्नही घेणाऱ्या मुलांपेक्षा, संसर्गाचा धोका कमी होता. २००७ साली तेथील मोठ्या अभ्यासाने यास पुष्टी दिली. म्हणजे प्रश्न दूध की दूध नाही एवढाच नव्हता. दुधासोबत आतड्यात आणखी काय जाते हाही होता. आपल्याकडे नवजात बालकाला मधाचे बोट, बाळगुटी, उकळलेले पाणी चाटविण्याची चाल किती घरांत आहे, हे वाचकांस सांगावयास नको. या चालीचा विचार न करता ‘स्तनपान’ हा एकच रकाना भरणारे सर्वेक्षण येथे फसवे ठरेल.

या संदर्भात पुण्याचा उल्लेख अवश्य आहे. इथिओपिया, युगांडा व भारत या तीन देशांतील ज्या चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्यांपैकी भारतातील चाचणी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात झाली. अंगावर पिणाऱ्या बाळांना जन्मतः नेव्हिरॅपिनचा एकच डोस देण्याऐवजी ते औषध सहा आठवडे, म्हणजे आपल्याकडील बाळंतिणीच्या सव्वा महिन्याहून थोडेसेच अधिक, रोज दिले. सहाव्या आठवड्यास एक डोस मिळालेल्यांपैकी ५.३ टक्के, तर सहा आठवडे औषध मिळालेल्यांपैकी २.५ टक्के मुले बाधित होती. सहाव्या महिन्यास मात्र हे आकडे ९.० व ६.९ असे जवळ आले. औषध थांबले, दूध चालू राहिले. संरक्षण दुधाइतकेच लांबले पाहिजे, हा त्याचा अर्थ. पुढे आईलाच आजन्म औषधे देऊन स्तनपान चालू ठेवण्याचे जे धोरण जगभर स्थिरावले, त्याच्या मुळाशी अशा चाचण्यांनी दिलेला धडा आहे.

आई व मूल यांचे हे ऐक्य बाधित न झालेल्या मुलांतही दिसते. बाधित आईच्या पोटी जन्मून स्वतः निरोगी राहिलेली मुले आज जगात दीड कोटीच्या आसपास आहेत. त्यांची आजारपणे इतर मुलांपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आणि येथेही ‘अपरिपक्व’ वा ‘सदोष’ ही विशेषणे वापरली गेली. केपटाउनजवळच्या खायेलित्शा येथील २०११ सालचा अभ्यास या दृष्टीने बोधप्रद आहे. जन्माच्या वेळी या मुलांत आईकडून आलेले प्रतिपिंड कमी होते. परंतु लसी टोचल्यावर त्यांनी इतर मुलांइतकाच, काही लसींच्या बाबतीत अधिकच, प्रतिसाद दिला. तूट मुलाची नव्हती. वारेपलीकडून जे यावयास हवे होते ते कमी आले होते. उपायही मग आईच्या बाजूने शोधावयास हवा. आर्.एस्.व्ही.च्या बाबतीत नेमके हेच झाले : गर्भवतीला देण्याच्या लसीस २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि १९६६ साली मुलाला टोचून जे साधले नाही ते आईला टोचून साधू लागले.

७

येथवर वाचून एखादा उत्साही विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जाण्याचा संभव आहे. तसे काही संशोधकही गेले आहेत, म्हणून या नव्या उत्साहाचीही चिकित्सा केली पाहिजे.

या उत्साहाला आधार आहे, यात शंका नाही. नैरोबीच्या वर उल्लेखिलेल्या चाचणीतील बाधित अर्भकांचे साठवलेले रक्त पुढे तपासले असता, विषाणूच्या निरनिराळ्या उपप्रकारांना निकामी करणारे प्रतिपिंड त्यांतील पुष्कळांनी संसर्गानंतर वर्ष-दोन वर्षांत बनविले होते, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. प्रौढांत असे प्रतिपिंड थोड्यांनाच व बहुधा अधिक काळाने येतात. २०१६ साली त्यांतीलच सुमारे सव्वा वर्षाच्या एका मुलाच्या रक्तातून असा एक प्रतिपिंड वेगळा काढण्यात आला. प्रौढांच्या प्रतिपिंडांना लागणारी उत्परिवर्तनांची लांबलचक मालिका त्याला लागली नव्हती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनीही २०१९ साली एका बाधित मुलापासून मिळालेल्या अशाच प्रतिपिंडाचे वर्णन केले. दक्षिण आफ्रिकेतील मुलांच्या २०१६ सालच्या अभ्यासात असेही दिसले, की बाधित मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुले उपचारांवाचून वर्षानुवर्षे धडधाकट राहतात. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, परंतु त्यांची प्रतिकारयंत्रणा अकारण पेटून उठत नाही. आफ्रिकेतील सूटी मँगाबे माकडे आपल्या विषाणूसह अशीच नांदतात.

परंतु या निष्कर्षांची मर्यादा त्यांच्याच पोटात आहे. ज्या अर्भकांनी ते बहुमोल प्रतिपिंड बनविले, त्यांचा स्वतःचा संसर्ग त्यामुळे नाहीसा झाला नाही. लसीच्या संशोधकाला जे वरदान वाटले ते त्या मुलांच्या कामी आले नाही. पाच ते दहा टक्के मुलांच्या संयमाचे कौतुक करताना उरलेल्या ९० टक्क्यांचा विसर पडणे, ही समतोल बुद्धी नव्हे. मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका मुलाला जन्मानंतर सुमारे ३० तासांनी औषधे सुरू झाली. ती पुढे सुटली, तरी २७ महिने विषाणू दिसला नाही, आणि २०१३ साली ‘बरे झालेले मूल’ म्हणून त्याची जगभर वार्ता झाली. २०१४ च्या जुलैत विषाणू परतल्याचे कळले. याउलट ‘चेर’ चाचणीतील एका मुलाला ४० आठवडे औषधे मिळून ती थांबविल्यावर साडेआठ वर्षांहून अधिक काळ विषाणू आटोक्यात राहिल्याचे २०१७ साली जाहीर झाले. २०२४ साली क्वाझुलू-नाताळमधील पाच मुलांविषयी प्रसिद्ध झालेले निरीक्षणही याच प्रकारचे आहे. हे पाचही मुलगे होते, आणि गर्भावस्थेत संसर्ग होण्याचे प्रमाण मुलींत अधिक असते. या घटना मोलाच्या आहेत. पण त्या संशोधनाचे प्रश्न आहेत, उपचाराची उत्तरे नव्हेत. ‘अर्भक दुबळे’ या सूत्राच्या जागी ‘अर्भक समर्थ’ हे सूत्र बसविल्याने सूत्र बदलेल, सवय तीच राहील.

८

तर मग करावे काय? आमच्या मते या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘अपरिपक्व’ हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. कोणता विषाणू, कोणत्या वाटेने, किती मात्रेत आणि नेमक्या कितव्या आठवड्यात? जे उणे दिसते ते मुलात उणे आहे, की आईकडून येणाऱ्या वाट्यात? मुलगे व मुली वेगळे मोजले आहेत काय? आणि सर्वांत शेवटी, पण महत्त्वाने सर्वांत प्रथम : अभ्यासाचे अंतिम माप मुलाचे जगणे हे आहे, की प्रयोगशाळेतील एखादा आकडा? या प्रश्नांची उत्तरे देता आली, तर त्या विशेषणाची गरजच उरणार नाही. कारण त्याच्या जागी निश्चित माहिती येईल. ‘या वयात अमुक पेशी अमुक द्रव्य कमी स्रवतात’ हे विधान तपासता येते. ‘प्रतिकारशक्ती अपरिपक्व आहे’ हे तपासता येत नाही.

येथे उद्धृत केलेल्या चाचण्यांतील बहुसंख्य मुले नैरोबीची, दरबानची, बोट्स्वानाची, काही पुण्याची होती. त्यांतील पुष्कळ मुले आज हयात नाहीत. अर्भकाच्या प्रतिकारशक्तीविषयी आज आपण जे खात्रीने बोलतो, त्यातील बरेचसे त्यांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर उभे आहे. त्या थेंबांतून निघालेल्या माहितीचे वर्णन करताना शब्द तरी काटेकोर वापरावेत, ही अपेक्षा शास्त्राच्या शिस्तीची आहेच; शिवाय ती त्या मुलांच्या ऋणाचीही आहे.